हॅम्लेटच्या किल्ल्यात अण्णासाहेब कर्वे

विलायतेच्या प्रवासास निघण्याचा खरा हंगाम म्हणजे मार्च-एप्रिल, असा आगबोटींच्या काळी जाणत्या प्रवाशांचा संकेत असे. मृगाच्या आधी अरबी समुद्र शांत असतो. तो ओलांडून इंग्लंडात पोहोचावे तो तेथे झाडांस नवी पालवी फुटत असते. तिकडे असलेल्या स्नेह्यांच्या व आप्तांच्या भेटी घ्याव्या, चार प्रसिद्ध स्थळे पाहावी, आणि थंडी पडण्यापूर्वी परतावे, असा त्या सफरीचा साधारण क्रम. संस्थानिक गेले, बॅरिस्टर गेले, व्यापारी गेले; आणि परतल्यावर पुष्कळांनी प्रवासवर्णनेही लिहिली.

१९२९ च्या मार्च महिन्यात, ह्याच हंगामात, एक वृद्ध गृहस्थ हिंदुस्थान सोडून इंग्लंडास निघाले. वयाची एकाहत्तर वर्षे पुरी होण्यास महिनाभराचा अवधी होता. ते संस्थानिक नव्हते की बॅरिस्टरही नव्हते. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले ते एक प्राध्यापक होते. नाव धोंडो केशव कर्वे. त्यांच्या सामानात पाहण्याजोगे काही असेल तर ती एका विद्यापीठाची माहिती होती, आणि त्या विद्यापीठास स्वतःच्या देशाचे सरकार ओळखत नव्हते.

चालण्याची सवय ह्या माणसास लहानपणापासून होती. १८७५ च्या सुमारास कोकणातील मुरुडाहून सुमारे एकशे दहा मैल सह्याद्री ओलांडून, चार दिवस पायपीट करून ते साताऱ्यास परीक्षेला गेले होते. आणि वय लहान दिसते एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे हिंगण्याच्या माळावर विधवांचा आश्रम उभा केल्यावर हिंगणे ते कॉलेज ही वाटही त्यांनी वर्षानुवर्षे पायीच तुडविली. परंतु १९२९ ची ही वाट निराळी होती. १९१६ साली हिंगण्यास त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले तेव्हा महाविद्यालयातील विद्यार्थिनी हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी ह्यांचे, नाव मिळाले. पैशाची चणचण मात्र संपली नाही. शिवाय येथील पदवीस सरकारमान्यता नव्हती. जी मुलगी खपून ती पदवी मिळवी, तिला सरकारी नोकरीच्या दारात त्या पदवीचा उपयोग नव्हता. घरच्यांनी ज्याची किंमत ओळखली नाही ते जगाच्या बाजारात मांडून पाहावे, असा हा प्रवास होता.

ह्या पदव्यांची नावेही मोठी रम्य होती. बी. ए. च्या जागी ‘गृहीतागमा’, म्हणजे जिने विद्या ग्रहण केली आहे ती, आणि एम. ए. च्या जागी ‘प्रदेयागमा’, म्हणजे जी विद्या देण्यास समर्थ झाली आहे ती. ह्या संस्कृत नावांची त्या काळी थट्टा झाली नसेल तरच नवल.

विद्यापीठाचा पाया दोन कल्पनांवर होता आणि त्या वेगवेगळ्या ओळखून ठेवल्या पाहिजेत. पहिली कल्पना अशी की, उच्च शिक्षण मुलींना त्यांच्या मातृभाषेतून मिळावे. इंग्रजी हा विषय राहावा, परंतु इतिहास, शास्त्र, तत्त्वज्ञान हे सारे मराठी वा गुजराती मुलीने आपल्या भाषेत शिकावे. दुसरी कल्पना अशी की, स्त्रीचे जीवनकार्य पुरुषाहून निराळे असल्यामुळे तिचा अभ्यासक्रमही निराळा असावा. त्यात गृहशास्त्र, आरोग्य, ललितकला ह्यांना स्थान असावे. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून अण्णासाहेबांनी ह्या दोन्ही कल्पना एकत्र मांडल्या, त्या जपानातील महिला विद्यापीठाची एक पुस्तिका वाचून. त्यांच्या मनात त्या जोडीने आल्या म्हणून लोकही त्यांना जोडीनेच मानू लागले. वस्तुतः एक खरी ठरावी आणि दुसरी खोटी, ह्यास काहीच हरकत नव्हती. १९२९ च्या प्रवासाकडे आज पाहिले म्हणजे ह्या दोघींची वेगवेगळी परीक्षा कशी होत गेली ते दिसते.

इंग्लंडात त्यांनी प्रथम माल्व्हर्न ह्या गावी भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेस हजेरी लाविली. वूस्टरशायरमधील हे टेकड्यांच्या कुशीतले गाव निरोगी पाण्याबद्दल नावाजलेले आहे. एका विद्यापीठाचा संस्थापक पंतोजींच्या मेळाव्यात जाऊन बसतो, ही गोष्ट अण्णासाहेबांच्या स्वभावास धरूनच होती. पुढे लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणावर त्यांचे व्याख्यान झाले. ही संस्था १८६६ साली दादाभाई नवरोजींनी हिंदी लोकांची बाजू मांडण्यासाठी काढलेली. परंतु ह्या सुमारास तिच्यात निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांचा भरणा अधिक झाला होता. ज्यांनी तीस-तीस वर्षे हिंदुस्थानात कारभार केला त्यांनाच हिंदुस्थानातील मुली काय शिकतात हे लंडनमध्ये सांगावे लागावे, ह्यात एक विनोद आहे. अण्णासाहेब फर्डे वक्ते कधीच नव्हते. स्वभावाने संकोची, आवाज बेताचा. त्यांच्या बोलण्यात अलंकार नसत, आकडे असत.

त्या वर्षी लंडनमध्ये त्यांच्या अगदी घरचे एक माणूस होते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे अण्णासाहेबांचे आप्त. मुर्डीच्या ह्या मुलास अण्णासाहेबांनीच आपल्याजवळ आणून शिकविले. आणि १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर होऊन त्या मुलाने साऱ्या हिंदुस्थानास अभिमान वाटेल असा पराक्रम केला. १९२७ पासून परांजपे हे इंडिया कौन्सिलचे सभासद म्हणून लंडनलाच होते. त्यांची कन्या शकुंतला केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात वडिलांचाच गणित विषय शिकत होती आणि तिचा तो अभ्यासक्रम ह्याच १९२९ साली पुरा झाला.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. केंब्रिजमध्ये १८८१ पासून मुलींना परीक्षेस बसता येत असे. १८९० साली फिलिप्पा फॉसेट ह्या कुमारिकेने गणितात सीनियर रँग्लरहूनही अधिक गुण मिळविले. तरी तिला सीनियर रँग्लर म्हटले गेले नाही, कारण ती स्त्री होती. मुलींना खरीखुरी पदवी आणि विद्यापीठाचे सभासदत्व देण्यास केंब्रिजने १९४८ साल उजाडू दिले. म्हणजे १९२९ साली हिंगण्याच्या माळावरील विद्यापीठ मुलींना जी पूर्ण पदवी देत होते, ती देण्याचे न्यूटनच्या विद्यापीठास अद्याप धैर्य नव्हते. परंतु ह्याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की, कर्व्यांच्या कुळात वाढलेल्या परांजप्यांची मुलगी गृहशास्त्र नव्हे, गणित शिकत होती. आणि मुलांबरोबर त्याच प्रश्नपत्रिका सोडवीत होती.

उन्हाळ्यात अण्णासाहेब युरोप खंडात उतरले. २५ जुलै ते ४ ऑगस्ट जिनिव्हा येथे शिक्षणतज्ज्ञांची जागतिक परिषद भरली होती. तीत ‘स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा हिंदुस्थानातील प्रयोग’ ह्या विषयावर ते बोलले. ‘प्रयोग’ हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गणिताच्या ह्या प्राध्यापकाने आपल्या विद्यापीठास सिद्धांत म्हटले नाही.

जिनिव्हाची परिषद आटोपली ४ तारखेस, आणि ८ तारखेस डेन्मार्कमध्ये दुसरी सुरू व्हावयाची होती. कोपनहेगनच्या उत्तरेस, समुद्राच्या कडेकडेने रेल्वेने गेले म्हणजे पंचेचाळीस किलोमीटरवर हेल्सिंगोर हे बंदर लागते. इंग्रज त्यास एल्सिनोर म्हणतात. आपले सोलापूर साडेसतरा अक्षांशांवर, तर हे गाव छप्पन अक्षांशांवर. ऑगस्टात सोलापूरच्या लोकांची दिवेलागण होऊन बराच वेळ झाला तरी तेथे संध्याकाळचे ऊन रेंगाळत असते. गावाच्या टोकाशी, समुद्रात शिरलेल्या जिभेवर क्रोनबोर्गचा किल्ला आहे. समोर अवघ्या चार किलोमीटरांवर स्वीडनचा किनारा. बाल्टिक समुद्रात जाणाऱ्या जहाजांनी ह्या चिंचोळ्या खाडीतून जावे आणि जकात भरावी, असा डेन्मार्कच्या राजांचा शतकानुशतकांचा हक्क होता. तो १८५७ साली संपला. किल्ला बांधला तो ह्याच जकातीच्या पैशातून, सोळाव्या शतकात; १६२९ साली तो आगीत सापडला आणि पुन्हा उभारला गेला. जकातनाक्यावर गढी बांधून वाटसरूंकडून पैसा काढणारे सरदार आपल्याकडेही झाले, परंतु त्यांच्या गढ्या शेक्सपिअरच्या दृष्टीस पडल्या नाहीत.

ह्या किल्ल्याच्या तळघरात डेन्मार्कचा एक वीर, होल्गर, झोपला आहे अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. देशावर संकट आले म्हणजे तो जागा होणार. आपल्या मुचकुंदाची ही उत्तरेकडील भावकीच म्हणावी. दंतकथा सोडून इतिहासात आले म्हणजे ह्याच किल्ल्यात एक खरी करुण कथा सापडते. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची धाकटी बहीण कॅरोलाइन मटिल्डा हिचे पंधराव्या वर्षी डेन्मार्कच्या राजाशी लग्न लावून दिले गेले. नवरा वेडसर. तिचे मन राजवैद्यावर जडले; वैद्याच्या हाती राज्याची सूत्रे आली, आणि १७७२ साली दरबाऱ्यांनी दोघांनाही पकडले. वैद्याचा शिरच्छेद झाला. वीस वर्षांच्या राणीस क्रोनबोर्गमध्ये कोंडून ठेवले, घटस्फोट दिला आणि देशाबाहेर घालविले. तेविसाव्या वर्षी ती परक्या मुलखात वारली. कोवळ्या वयाची लग्ने आणि त्यांतून ओढवणारे अनर्थ ह्यांवर ज्याने आयुष्य वेचले, त्या माणसास ह्या भिंतींची कथा परकी वाटण्याचे कारण नव्हते.

ह्या किल्ल्यात ८ ते २१ ऑगस्ट न्यू एज्युकेशन फेलोशिपची परिषद भरली. चाळीसांहून अधिक देशांतून दीड-दोन हजार शिक्षक व शिक्षणशास्त्रज्ञ जमले होते. मादाम मॉन्टेसरी होत्या. त्यांच्या पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय संघाची स्थापनाही ह्याच वेळची. आपल्याकडे ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका ह्यांनी १९२६ सालीच बालशिक्षणाची संस्था काढून त्या विचारांची पेरणी सुरू केली होती. नवे मानसशास्त्र आणि शाळेचा अभ्यासक्रम हा परिषदेचा विषय होता: मुलाच्या मनाची वाढ कशी होते हे पाहून शाळेने त्यास अनुसरावे, मुलास शाळेच्या साच्यात कोंबू नये. अशा सभेत कोकणी धाटणीच्या साधेपणाने एक वृद्ध हिंदी प्राध्यापक वावरत होता.

परंतु मराठी माणसास एल्सिनोर म्हटले की प्रथम आठवतो तो हॅम्लेट, आणि मराठी हॅम्लेट म्हटला की आगरकर. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. त्या बंदिवासात आगरकरांनी शेक्सपिअरचे हे नाटक मराठीत आणण्याचे काम केले, आणि १८८३ साली ते ‘विकारविलसित’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. शाहूनगरवासी मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशी त्यातील चंद्रसेन करीत, आणि महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीने एल्सिनोर पाहिले ते त्यांच्या डोळ्यांतून. आगरकर हे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, १८९२ पासून १८९५ साली अकाली मृत्यू येईपर्यंत. अण्णासाहेब १८९१ साली, गोखल्यांच्या बोलावण्यावरून, टिळकांच्या रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागी तेथे आलेले. म्हणजे दोघे एकाच कॉलेजातील सहकारी. १८९३ च्या मार्चमध्ये अण्णासाहेबांनी गोदूबाई ह्या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी त्यांस वाळीत टाकले. आणि पुण्यास ‘सुधारका’चे संपादक पुनर्विवाहाचा कैवार घेऊन लढत होते.

ह्या आगरकरांचे स्त्रीशिक्षणाविषयी मत काय होते? मुलगे व मुली ह्यांना एकच शिक्षण द्यावे, आणि तेही एकत्र बसवून द्यावे. त्यांच्या दृष्टीने स्त्रीची बुद्धी निराळ्या धातूची नव्हती. विद्यापीठच निराळे, अभ्यासक्रमही निराळा, ही कल्पना आगरकरांना मानवली नसती, हे निर्विवाद आहे. चंद्रसेनाच्या किल्ल्यात आगरकरांचा जुना सहकारी स्त्रियांच्या वेगळ्या विद्यापीठाचा प्रतिनिधी म्हणून उभा होता. आणि ज्याने त्याच्याशी वाद घातला असता तो ३४ वर्षांपूर्वीच गेला होता. ह्या वादात कोणाची सरशी झाली असती हे ठरविण्यापूर्वी एवढे मात्र सांगितले पाहिजे की, १८९५ च्या किंवा १९१६ च्या महाराष्ट्रात मुलाशेजारी बसवून मुलीस शिकविण्यास किती आईबाप तयार होते? आगरकरांचा विचार अधिक सरळ होता. कर्व्यांच्या वाटेने मुली प्रत्यक्ष शाळेत आल्या. १९२९ साली सोलापुरासारख्या गिरण्यांच्या भरभराटीच्या शहरातही महाविद्यालय नव्हते. दयानंद महाविद्यालय निघाले ते १९४० साली. तोवर येथल्या मुलीस पदवी हवी असेल तर गाव सोडणे आले. आणि तिला परगावी पाठविण्यास घरचे राजी व्हावयाचे, तर तेथे केवळ मुलींचे वसतिगृह व केवळ मुलींचे कॉलेज असणे ही गोष्ट किती निर्णायक असे, हे जुन्या कुटुंबांतून आजही ऐकावयास मिळते.

अण्णासाहेबांच्या पहिल्या कल्पनेस मात्र डेन्मार्कच्या भूमीतच भक्कम साक्षीदार उभा होता. ग्रुंटविग नावाच्या एका धर्मोपदेशक कवीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे प्रतिपादिले की, लॅटिन घोकविणारी विद्यालये देशाला मुकी करतात; शेतकऱ्याच्या तरुण मुलास त्याच्याच भाषेत, तोंडी, इतिहास व काव्य शिकवावे, परीक्षा घेऊ नये. ह्या धर्तीचे पहिले लोकविद्यालय १८४४ साली रोडिंग येथे निघाले. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत गमावले. रोडिंगही शत्रूच्या हद्दीत गेले. तेथील शिक्षकांनी हद्दीच्या अलीकडे आस्कोव येथे पुढच्याच वर्षी नवे विद्यालय थाटले. त्यानंतर अशी विद्यालये देशभर झाली: हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली म्हणजे तरुण मुलगे येत, उन्हाळ्यात मुली येत. सहकारी दुग्धालयांनी हा गरीब देश सुस्थितीस आणला, त्यास ह्या शाळांतून शिकून निघालेले शेतकरी कारण झाले असे तेथील लोक मानतात. खुद्द हेल्सिंगोरमध्येच पेटर मानिके ह्यांनी १९२१ साली काढलेले आंतरराष्ट्रीय लोकविद्यालय चालू होते. डेन्मार्कची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ३५ लाख. म्हणजे २०११ च्या शिरगणतीतील एकट्या सोलापूर जिल्ह्याहून कमी. एवढ्याशा लोकांची भाषा विद्यापीठापर्यंत चालते, शास्त्रे तीत शिकविली जातात, आणि कोट्यवधींची मराठी मात्र उच्च शिक्षणास अपुरी! ज्यांनी हिंगण्याच्या प्रयोगास ‘अर्धवट शिक्षण’ म्हणून हिणविले, त्यांनी डेन्मार्ककडे पाहावयास हवे होते. ह्या बाबतीत कर्वे आपल्या काळाच्या पुढे होते, आणि आपण अद्याप त्यांच्या मागे आहोत.

दुसऱ्या कल्पनेची परीक्षा डेन्मार्कच्या दक्षिणेस, बर्लिनमध्ये चालू होती. अण्णासाहेबांचे चिरंजीव दिनकरराव ह्यांच्या पत्नी इरावतीबाई १९२८ च्या नोव्हेंबरापासून तेथे मानववंशशास्त्राचा अभ्यास करीत होत्या. त्यांनी जर्मनीस जावे ह्यास अण्णासाहेबांचा विरोध होता. ज्याने शेकडो मुलींना घराबाहेर काढून शिकविले, त्याने सुनेस परदेशी शिकावयास जाऊ देण्यास नाखुशी दाखवावी, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. थोर पुरुषाच्या थोरवीस ती बाध आणीत नाही, त्याचे माणूसपण दाखविते. दिनकररावांनी वडिलांचे ऐकले नाही. डॉ. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन इरावतीबाई गेल्या. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाच्या कवटीची घडण श्रेष्ठ बुद्धीची निदर्शक आहे, असे सिद्ध व्हावे अशी ह्या फिशरसाहेबांची अपेक्षा. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या एकेक करून मोजल्या, आणि कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी काही संबंध नाही असा निष्कर्ष काढला. आपल्या गुरूच्या समोर, त्याच्या संस्थेत बसून, त्याच्या मताविरुद्ध आकडे मांडणारी ही मराठी मुलगी! तिचे गृहशास्त्र कोणी तपासले नाही. तपासले ते तिचे गणित.

डेन्मार्कहून पुढे अण्णासाहेब अमेरिकेस गेले. तेथे गावोगाव व्याख्याने देत, विद्यापीठासाठी निधी जमवीत त्यांनी काही महिने काढले. त्यात प्रवासवर्णनास खाद्य पुष्कळ असले तरी विषयास नवे वळण देणारे थोडे. परतीच्या वाटेवर ते जपानात उतरले आणि टोकियोचे महिला विद्यापीठ त्यांनी पाहिले. १९०१ साली नारुसे ह्यांनी स्थापिलेले हेच ते विद्यापीठ, ज्याच्या पुस्तिकेतून हिंगण्याचे बी आले होते. पुस्तिका वाचून विद्यापीठ काढणे आणि मूळ विद्यापीठ पाहणे ह्यांत चौदा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

१९३० च्या एप्रिलमध्ये ते मायदेशी परत आले, तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला होता. पुढच्याच महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्या धामधुमीत एका वृद्ध प्राध्यापकाच्या डेन्मार्कच्या हकिगतीकडे लक्ष देण्यास कोणास सवड होती? विद्यापीठास कायद्याने मान्यता मिळण्यास १९४९ साल उजाडावे लागले; तेव्हा अण्णासाहेबांचे वय ९१ वर्षांचे होते.

इरावतीबाई बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतल्या, आणि १९३१ पासून १९३६ पर्यंत त्यांनी कारभार सांभाळला तो सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठाचा.